झांज, ब्लाऊज आणि गायन

माझ्या घरी जॅझ आणि ब्लूजच्या त्रेचाळीस सीड्या आहेत आणि त्यांतली एकही मी विकत घेतलेली नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण सोलापुरात जॅझ ऐकणारी बाई म्हटलं की लोकांना वाटतं, हिचं कुणीतरी परदेशात असणार, नाहीतर ही स्वतःला कुणीतरी समजत असणार. दुसरं थोडं खरं आहे, पहिलं अजिबात नाही.

मी चिंचोळी एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात निर्यातीची कागदपत्रं बघते. टॉवेल बाहेर जातात, कधी सँपल परत येतात, त्यांची नोंद करायची. एकदा असाच एक खोका परत आला. उघडला तर आत टॉवेल एकच, आणि त्यात गुंडाळलेल्या या सीड्या. आमचं परदेशातलं एक म्हातारं गिऱ्हाईक दुकान बंद करत होतं. त्याची आणि माझी कधी गाठ पडली नव्हती, पण वीसेक वर्षं ईमेलवर चांगलं जमायचं. त्याने एकदा विचारलं होतं, तुम्ही काय ऐकता? मी खरं तेच कळवलं होतं की मागांचा आवाज. खोक्यातल्या चिठ्ठीत त्याने लिहिलं होतं की आता थोडं हेही ऐकून बघा. आमच्या साहेबांनी खोक्यात डोकावून विचारलं, "हे काय आणि?" मी म्हटलं, "सँपल." "मग तुम्हीच घेऊन जा," असं म्हणून ते चहाला गेले.

जुन्या बाजारातून एक सीडी प्लेअर आणला आणि ऐकायला बसले. पहिला महिनाभर मला काडीचंही कळलं नाही. वाटलं, हे लोक वाद्यं जुळवतायत, गाणं अजून सुरू व्हायचंय. ते जुळवणं संपलं की सीडीच संपायची. दुसऱ्या एखादीने खोका माळ्यावर टाकला असता. पण माझा स्वभाव असा की एखादी गोष्ट मला कळत नाही म्हणजे काय, या रागानेच मी ती धरून बसते. मी ठरवलं, प्रत्येक सीडी तीनदा ऐकल्याशिवाय तिला नावं ठेवायची नाहीत. नवऱ्याने तिसऱ्या दिवशीच नावं ठेवली आणि कानात इअरफोन घालून तो क्रिकेट बघायला लागला.

आता मला कुणी विचारलं, की यातलं ऐकण्यासारखं काय, तर मी आधी गाणाऱ्या बायांच्या सीड्या काढून देते. जॅझच्या दारातून आत शिरायचं तर माणसाच्या आवाजाचं बोट धरून शिरावं, वाद्यं मग आपोआप ओळखीची होतात. त्यातली एक बाई माझी फार लाडकी आहे. ती तालाच्या जरा मागून येते. बस सुटली असं आपल्याला वाटतं, जीव वरखाली होतो, आणि ही पुढच्या थांब्यावर आरामात बसमध्ये चढलेली असते. तिच्यामागे एक पियानो, बाकी काही नाही. रविवारी दुपारी, जेवणं झाल्यावर, पंख्याखाली पाय पसरून ही सीडी लावावी.

ब्लूजच्या सीड्या सहा. त्यांतली एका गिटारवाल्याची सगळ्यात चांगली. हा गडी पहिली ओळ म्हणतो, मग तीच ओळ पुन्हा म्हणतो आणि तिसऱ्या ओळीत तिचं उत्तर देतो. बायको सोडून गेली, बायको सोडून गेली, आता कुत्राही तिच्या मागे निघाला, अशा थाटाचं. दुःख खरं असतं, पण सांगताना तो मिश्कील हसत असतो. मला हे फार आवडलं. आमच्याकडच्या बायाही आपली गाऱ्हाणी अशीच सांगतात, रडता रडता मधेच अशी काही फोडणी देतात की ऐकणारी हसून लोळते.

आणि मग वाद्यांच्या सीड्या. पियानो, ढोलकीहून मोठं पोट असलेली, उभ्या थोरल्या व्हायोलिनसारखी ती बेस, आणि ड्रम. तिघेच जण. कट्ट्यावर तीन जुने मित्र बसावेत तसे बोलत असतात, एक बोलला की दुसरे दोघे हुंकार देतात. या सीड्यांना मात्र धीर लागतो. मला वर्ष लागलं.

एवढी तयारी झाल्यावर आमच्या घरी आप्पा राहायला आले. आप्पा म्हणजे माझे वडील. आई गेल्यावर ते सहा महिने मोडनिंबच्या घरात एकटे राहिले, स्वतःच्या हातचं पिठलं खाऊन कंटाळले आणि एक पत्र्याची पेटी आणि एक काळी लांबट पेटी घेऊन आमच्याकडे आले. लांबट पेटीत त्यांचं क्लॅरिनेट होतं. आप्पांनी चाळीस वर्षं लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवलं. पंचक्रोशीत त्यांच्याशिवाय वरात निघत नसे, असं आई सांगायची. आप्पा कधीच सांगायचे नाहीत.

आठ वर्षांपूर्वी त्यांचे वरचे दात गेले. क्लॅरिनेट वाजवताना वाद्याचं जे टोक तोंडात धरतात त्यावर वरचे दात टेकवून ठेवावे लागतात. कवळी बसवली, पण कवळी सरकायची, सूर फाटायचा. दोन-चार वेळा प्रयत्न करून आप्पांनी क्लॅरिनेट पेटीत ठेवलं, पेटी खाटेखाली सारली आणि "दात गेले, वाजवणं गेलं" एवढं बोलून विषय संपवला.

माझ्या सीड्यांना ते सुरुवातीला नाक मुरडत. लाडक्या बाईला म्हणाले, "हिला झोपंतनं उठवून आणलंय का?" गिटारवाल्याला म्हणाले, "पाव्हण्याला एकदा सांगून पटत न्हाय, म्हणून दोनदा सांगतुय." पण खुर्ची ओढून प्लेअरजवळ बसायचे, हे माझ्या नजरेतून सुटलं नाही. संध्याकाळी मी कारखान्याच्या बसमधून उतरून घरी आले की विचारायचे, "आज कोन?" तेव्हा मी मुद्दामच भाकऱ्या थापत बसायची आणि त्यांना ताटकळत ठेवायची.

एका संध्याकाळी मी क्लॅरिनेटची सीडी लावली. तोवर ती मी मागे ठेवली होती, त्यांच्या मनाला लागेल म्हणून. आप्पा शेंगा सोलत होते. पहिला सूर निघाला आणि त्यांचा हात थांबला.

"ह्यो दात टेकवत न्हाय," ते म्हणाले.

"काय?"

"वरचे दात टेकवत न्हाय ह्यो. दोनी ओठ आत दुमडून वाजवतुय. आवाज कसा मऊ येतुय बघ. आमचा एक म्हातारा वाजवायचा असा. मला कदी जमलं न्हाय. जमवायचं कारन बी नव्हतं, दात व्हते की." मग थोडा वेळ ऐकून म्हणाले, "ह्याला बी दात नसतील."

गाणं पुढे गेलं. क्लॅरिनेटवाल्याने चाल सोडली आणि तो जॅझवाल्यांच्या सवयीप्रमाणे मनाला येईल तसा भटकायला लागला. आप्पा सावरून बसले. त्यांच्या चेहऱ्यावर मी कधी न पाहिलेलं आश्चर्य होतं.

"अगं, हे तर मदलं हाय!"

मला कळेना. तेव्हा त्यांनी समजावलं. बँडमध्ये लोक सिनेमाची गाणी मागतात. एक गाणं संपतं आणि दुसरं सुरू व्हायचं असतं. मधे माईकवाला पाणी पितो, नवरदेवाचा घोडा अडतो, फटाक्यांची माळ लावायची असते. तेवढ्यात बँड गप्प राहिला तर वरात ढेपाळते. म्हणून क्लॅरिनेटवाल्याने काहीतरी वाजवत राहायचं. त्याला हे लोक ‘मधलं’ म्हणत. ते कुणी मागितलेलं नसतं, त्याची चाल कुणाला माहीत नसते, म्हणून तेवढाच वेळ वाजवणारा आपल्या मनाचा राजा. चाळीस वर्षांत आप्पांनी हजारो गाणी लोकांची वाजवली. स्वतःचं जे काही वाजवलं, ते या मधल्यात.

"आन् ह्यांनी नुस्तं मदलंच वाजवलंय! आन् त्याची कॅशेट काडली!" आप्पा म्हणाले. "ऐकतंय कोन हे?"

"मी ऐकते की."

"तू येडी हाईस," ते म्हणाले आणि मला सीडी पहिल्यापासून लावायला सांगितली.

त्यानंतर दोनेक आठवड्यांनी एकदा मी दुपारीच घरी आले. कारखान्यात वीज नव्हती म्हणून लवकर सोडलं होतं. जिन्यातच मला क्लॅरिनेट ऐकू आलं. सीडीतलं नव्हतं. सीडीतला गडी इतका अडखळत नाही. एक सूर फाटला, पुन्हा धरला, पुन्हा फाटला, मग लांब, मऊ, सरळ निघाला. मी चपला हातात घेऊन चोरपावलांनी वर गेले, पण कुलपाच्या आवाजाने घात केला. आत गेले तेव्हा आप्पा खाटेवर बसलेले, पेटी खाटेखाली, आणि कवळी टेबलावरच्या वाटीत.

"वाजवत होता तुम्ही!"

"रेडू व्हता," बोळक्या तोंडाने आप्पा म्हणाले. आमच्या घरात रेडिओ नाही.

मी फार मागे लागले. वाजवा, माझ्यासमोर वाजवा, एकदाच वाजवा. मला वाटलं होतं, ते लाजतायत. तर ते एकदम चिडले. आप्पा क्वचित चिडतात, म्हणून ते चिडले की मला अजून लहानपणीसारखी भीती वाटते.

"कुनाला वाजवू? तुला भाकरी टाकायच्यात, जावईबापूला म्याच बगायचीय. चाळीस वर्सं वाजवलं. एका मानसानं बसून ऐकलं न्हाय. नाचनाऱ्याला ऐकू येत न्हाय आन् जेवनाऱ्याला सवड नसती. लोकं वाजाप ऐकायला येत न्हाईत, लग्नाला येत्यात. आता काय ऐकनार हाईत?" मग शांतपणे म्हणाले, "मोडनिंबचा बँडवाला मागतुय क्लारनेट. देऊन टाकतो. सोमवारी येनार हाय तो न्यायला."

तो बुधवार होता. आप्पा नुकते कुठे ओठ दुमडून वाजवायला शिकत होते, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, गुपचूप. सोमवारी वाद्य गेलं असतं तर ते पुन्हा कधी शेंगा सोलताना थांबले नसते, हे मला पक्कं माहीत होतं. त्यांना वाजवा म्हणून उपयोग नव्हता. लोक बसून ऐकतात, हे त्यांना एकदा डोळ्यांनी दाखवायला हवं होतं. तेवढं दिसलं तर कदाचित पेटी घरात राहिली असती.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक वाचनालय आहे. वरच्या मजल्यावर खोली आहे, तीस खुर्च्या आहेत, आणि ग्रंथपाल म्हणून एक निवृत्त मास्तर आहेत. गुरुवारी मी त्यांना कारखान्यातून फोन केला. मागे माग धडधडत होते, मास्तरांना आधीच कमी ऐकू येतं. मी घसा फोडून सांगितलं: रविवारी सकाळी दहा वाजता, जॅझ, ब्लूज आणि गायनाचे ऐकण्यासारखे अल्बम, सर्वांनी यावे, चहा मिळेल. मास्तर म्हणाले, "वा वा, छान उपक्रम. फळ्यावर लिहितो." मास्तरांचं अक्षर मोत्यासारखं आहे. फळा रस्त्यावरून दिसतो. मी निर्धास्त झाले.

रविवारी मी आप्पांना घेऊन निघाले. "नुसतं बसायचं, कंटाळा आला तर उठायचं," अशा बोलीवर ते तयार झाले. त्यांच्या खांद्याला कापडी पिशवी होती. पाण्याची बाटली आणि कवळीची डबी असणार, असं समजून मी काही विचारलं नाही. वाचनालयाच्या दारात आलो आणि मी फळा वाचला.

‘रविवार, सकाळी १० वा. झांज, ब्लाऊज आणि गायन. पाहण्यासारखे अल्बम. महिलांनी अवश्य यावे. चहाची सोय.’

मी फळ्याकडे बघतच राहिले. जिन्यातून वर गेले तर खोली भरलेली. डावीकडे सात-आठ बायका, हातात ब्लाऊजपीसच्या पिशव्या, दोघींनी तर मापाला जुने ब्लाऊजही आणलेले. उजवीकडे वळसंगचं झांजपथक. सहा जण, फेटे बांधून, मांडीवर झांजा ठेवून, अगदी शिस्तीत. मास्तर दारात उभे होते, चेहऱ्यावर विजयी भाव.

"मास्तर, हे काय लिहिलंत?"

"तुम्हीच सांगितलंत की. थोडं शुद्धलेखन सुधारलं मी. ‘जांज’ नसतं, झांज. ‘ब्लूज’ असा शब्दच मराठीत नाही. आणि अल्बम काय ऐकायचा असतो होय? शिंप्याकडे असतो तो बघायचाच असतो." मग हळूच पुढे म्हणाले, "झांजवाले मीच बोलावले. फोनवर एवढं ओरडून सांगितलंत, तर म्हटलं, कार्यक्रम रंगला पाहिजे."

मी त्यांना काय काय बोलले, ते इथे लिहीत नाही. मास्तरांना कमी ऐकू येतं, हे त्या दिवशी देवाने केलेलं उत्तम काम. माझा राग मास्तरांवर नव्हताच खरं तर. आप्पा मागच्या रांगेत जाऊन बसले होते आणि खोलीत नुसता कलकलाट चालला होता. एक बाई दुसरीला बाह्यांचं माप दाखवत होती. झांजवाल्यांतला एक जण झांजेचा दोरा आवळत होता, किणकिण करत. बसून ऐकणारी माणसं दाखवायला मी वडिलांना आणलं होतं, आणि दाखवत होते हा गोंधळ. वाटलं, संपलं. उद्या पेटी मोडनिंबला जाणार.

तेवढ्यात झांजवाल्यांचे म्होरके उठून माझ्यापाशी आले. साठीचे असतील, मिशा पांढऱ्या.

"बाई, आमचा नंबर कितवा? हलगीवाला आनलेला न्हाय, चालंल न्हवं?"

मी त्यांना सगळं खरं सांगितलं. चूक झाली, इथे वाजवायचं काही नाही, परदेशी वाद्यांच्या सीड्या नुसत्या बसून ऐकायच्या आहेत, तुम्हाला उगाच वळसंगहून यावं लागलं, माफ करा.

ते हसले. "ऐकायला बोलावलंय व्हय? मग तर लईच झ्याक. आमाला वाजवायलाच बोलवत्यात सगळे. ऐकायला कुनी बोलवत न्हाय." मग वळून आपल्या माणसांना म्हणाले, "झांजा खाली ठिवा रं. आपल्याला ऐकायचं हाय."

बायकांना मी काय सांगावं, ते मला सुचेना. शेवटी मी लाडक्या गाणारणीची सीडी लावली आणि तिचं कव्हर पहिल्या रांगेत फिरवलं. त्यावर तिचा फोटो आहे. पुढे बसलेल्या बाईंनी कव्हर डोळ्यांपुढे धरलं, आडवं केलं, उभं केलं आणि शेजारणीला म्हणाल्या, "गळा बघा की हिचा. मागनं बी आसंच आसंल का?" त्यांनी मोबाइलवर त्याचा फोटो काढला. ब्लाऊजचा अल्बम मिळाला, त्यामुळे बायका जागच्या हलल्या नाहीत. आणि चहा अजून यायचा होता.

गाणारणीला त्यांनी ऐकलं, गिटारवाल्याला तर फारच. पहिली ओळ दुसऱ्यांदा आली, तेव्हा कुणीतरी "बरं, पुढं?" असं मोठ्याने विचारलं. तिसऱ्या ओळीचा अर्थ मी सांगितला तेव्हा सगळी खोली हसली. मग मी क्लॅरिनेटची सीडी लावली. मागे वळून आप्पांकडे बघायचं धाडस मला होत नव्हतं.

म्होरक्यांचा तळहात मांडीवर ताल धरायला लागला होता. माझ्यासाठी ते ठीकच होतं. पण मागच्या रांगेतून आवाज आला, "पयल्या ठोक्यावर नगं. दुसऱ्यावर धरा."

म्होरक्यांनी वळून बघितलं. आप्पा खुर्चीच्या टोकावर आले होते.

"दुसऱ्यावर धरा. पयल्याला त्यो पाय उचलतुय, दुसऱ्याला टाकतुय."

म्होरक्यांनी धरून बघितलं. ताल बसला. त्यांचे डोळे मोठे झाले.

"तुमी वाजवनारं हाय व्हय, आन्ना?"

"व्हतो."

"काय?"

"हेच. क्लारनेट."

"आनलंय काय?" म्होरक्यांनी विचारलं. अगदी सहज, तंबाखू आहे का असं विचारावं तसं.

आप्पांनी पिशवी मांडीवर घेतली, आतून कवळीची डबी काढली, पदराआडून बघणाऱ्या सात-आठ बायकांसमोर तोंडातली कवळी काढून डबीत ठेवली, आणि मग पिशवीतून क्लॅरिनेटचे तुकडे एकेक करून काढून जोडायला लागले. मी प्लेअर बंद केला. हे वाद्य त्यांनी घरून आणलं होतं, मला न सांगता. का आणलं, हे त्यांनाही सांगता आलं नसतं असं मला वाटतं.

ते उभे राहिले. बँडवाल्याने कधी बसून वाजवलेलंच नसतं, चालत वाजवायचं असतं. आप्पांनी खुर्च्यांच्या मधल्या वाटेने पावलं टाकायला सुरुवात केली आणि दोन्ही ओठ आत घेऊन फुंकलं.

पहिला सूर फाटला. झांजवाल्यांतला एक जण सवयीने उठला, हात वर करून नाचायच्या पवित्र्यात आला, कुणीतरी शिट्टीही मारली. आप्पा थांबले. त्यांचा चेहरा पडला. मी पुढे झाले, पण माझ्या आधी ती गळ्याचा फोटो काढलेली बाई ओरडली, "बसा की खाली! म्हातारं मानूस वाजवतंय, कळत न्हाय का? ऐकू द्या!"

नाचणारा एकदम बसला. खोलीत कुणी हललं नाही. आप्पांनी सगळ्यांकडे एकदा बघितलं, एकेकाकडे, मोजून घ्यावं तसं. मग पुन्हा वाजवायला लागले.

काय वाजवलं, ते मला सांगता येणार नाही. त्यात सिनेमाचं गाणं नव्हतं, माझ्या सीडीतलंही काही नव्हतं. एक छोटीशी चाल होती, ती खाली उतरायची, पुन्हा वर जायची आणि तिथे रेंगाळायची. दम पुरेना तेव्हा ते थांबायचे, आणि त्या थांबण्यातही कुणी बोललं नाही. ते खोलीत तीन फेऱ्या फिरले. सगळे आपापल्या जागी बसून माना तेवढ्या वळवत होते. चहावाला किटली घेऊन दारात आला तर मास्तरांनी त्याला बोटाने गप्प केलं. मास्तरांना किती ऐकू येत होतं देव जाणे, पण ते कानामागे हात धरून बसले होते.

वाजवून झालं. टाळ्या लगेच वाजल्या नाहीत, कारण संपलं की नाही हे कुणाला कळलं नव्हतं. मग वाजल्या, भरपूर वाजल्या.

फोटोवाल्या बाईंनी विचारलं, "आन्ना, हे कुनाच्या लग्नातलं?"

"लग्नातलं न्हाय," आप्पा म्हणाले. त्यांना धाप लागली होती. "माजं हाय."

"मग परत वाजवा की. मगाशी मदीच माजा फोन पिशवीत थरथरला, थोडं ऱ्हायलं ऐकायचं."

आप्पांनी माझ्याकडे बघितलं. "मोडनिंबला फोन लाव," ते म्हणाले. "उद्या येऊ नगं म्हनावं."

मी फोन घेऊन व्हरांड्यात गेले. तिथे आधी पदराने तोंड दाबून रडून घेतलं, कारण मला लोकांसमोर रडायला आवडत नाही. आत आप्पांनी पुन्हा वाजवायला घेतलं, तेव्हा फोन लावला. बँडवाल्याने उचलला, वरातीत असावा तशा घाईत, आणि मी काही बोलायच्या आत त्यानेच विचारलं, "ताई, मागं कोन वाजवतंय ओ?"

"माझे वडील," मी म्हटलं. "उभे आहात का? मग आधी बसा. बसलात? आता ऐका." आणि मी फोन दाराकडे धरला.